तिसरा रकाना

“दोनच रकाने?” शेटेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या कागदाकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना दोन पायांची खुर्ची विकायला आणली होती.

“दोन पुरतात, काका. एक ‘आहे’ आणि एक ‘हवं’. ज्याच्याकडे जे आहे ते पहिल्यात, ज्याला जे हवं ते दुसऱ्यात. जुळवायचं काम कॉम्प्युटरचं.”

“आणि आहे, पण द्यायचं नाही, ते कुठं लिहायचं?”

“द्यायचं नसेल तर लिहायचंच कशाला?”

“दाखवायला की, बाई! आमची निम्मी माणसं त्याच्यासाठीच तर जमवतात.”

सांगलीच्या गावभागात शेटेकाकांची सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. पुढे कादंबऱ्या आणि मासिकं, मागच्या खोलीत छतापर्यंत जुने दिवाळी अंक. दिवाळी अंक जमवणारी माणसं ही एक निराळीच जमात असते. कुणी एकाच अंकाची सगळी वर्षं जमवतो, कुणी एकाच चित्रकाराची मुखपृष्ठं. कुपवाडचे एक मगदूम सर होते, ते फक्त ज्यांतलं शब्दकोडं कुणी सोडवलेलं नाही असे अंक घ्यायचे आणि स्वतःही सोडवायचे नाहीत. ह्या सगळ्यांची आपसांतली अदलाबदल काका पोस्टकार्डांवर जुळवून देत. प्रत्येक कार्डावर मधोमध रेघ, डावीकडे आहे, उजवीकडे हवं. कार्डं चपलांच्या खोक्यात. आता डोळे साथ देईनात, म्हणून त्यांना वेबसाइट करून हवी होती.

मी तेव्हा गावातल्या पतसंस्थांना हिशोबाची सॉफ्टवेअर करून देत असे. पुण्याहून सांगलीला परत येऊन तीन वर्षं झाली होती आणि बोलायला माणसं म्हणाल तर पतसंस्थांचे मॅनेजर. त्या धंद्यात एक खोड लागते. समोरचा काय बोलतोय ह्याच्या आधी त्याच्या जमेला काय आणि नावे काय, ते दिसायला लागतं.

“दुसरी गोष्ट,” काका म्हणाले, “माणसं ‘हवं’ म्हणून जे लिहितात ते खरं नसतं.”

“म्हणजे?”

त्यांनी खोक्यातून मगदूम सरांचं कार्ड काढलं. “हे बघा, काय काय मागितलंय. आणि ज्याच्यासाठी ह्या माणसाचा जीव जातोय तो अंक ह्यात आहे का? नाही. लिहिणारच नाहीत. लिहिला की समोरचा ताठतो, एकाला पाच मागतो. म्हणून आजूबाजूचं सगळं लिहायचं आणि मधलं सोडायचं. आमच्यातली रीतच आहे ती.”

“मग तुम्हाला कळतं कसं?”

“घरी बोलवायचं. चहा पाजायचा. गप्पा मारताना नजर कुठल्या गठ्ठ्यावर जाते ते बघायचं.”

“काका, कॉम्प्युटर चहा पाजत नाही.”

“तीच तर त्याची अडचण आहे.”

मी ऐकलं नाही. दाखवायची हौस आणि लपवायची खोड, दोन्हींवर माझ्याकडे एकच औषध होतं: यादीत आहे म्हणजे देणार, यादीत नाही म्हणजे नको. शिवाय जुळणी दोन्हीकडून झाली तरच दाखवायची. माझ्याकडचं तुला हवं आणि तुझ्याकडचं मला हवं, असं असेल तरच आणि तेवढंच दोघांना दिसणार. बाकी कुणाची यादी कुणाला नाही. पूर्ण यादी बघणार ती मी आणि काका.

“बरं,” काका म्हणाले. “पण एक रकाना कोरा ठेवाच. किरकोळ म्हणून.”

“त्यात काय लिहायचं?”

“ते ज्याचं त्याला कळेल.”

“ज्याचं त्याला कळतं ते मला साठवता येत नाही.”

पुढच्या खेपेला गेले, तर काउंटरच्या वर पुठ्ठ्याची पाटी लटकत होती. निळ्या शाईत, ठळक: ‘यादीत नाही म्हणजे नको. हुकमावरून.’

“हुकूम कुणाचा?” मी विचारलं.

“तुमचाच की,” काका म्हणाले आणि भडंगाची बशी माझ्याकडे सरकवली.

साइट तपासायला खोटे सभासद लागतात आणि खोटे अंक सुचत नव्हते. मी घरी जाऊन माझ्या कपाटातले खरेच लिहून काढले. सभासद क्रमांक एक म्हणजे मी. आहे: ‘पणतीघर’, १९८१, १९८३, १९८५, असं करत २००३. खाली काही सुटे अंक. त्यांत १९९२ चा एक पाककृती विशेषांक, शेरा: चकलीच्या पानावर तेलाचा हात.

काकांनी यादी पाहिली. “सगळी विषम वर्षं? सम कुठं गेली?”

“हरवली.”

हरवली नव्हती. मुकुंदकडे होती.

लग्नाआधी मुकुंद आणि मी आपापल्या घरी ‘पणतीघर’ घेत असू. लग्नानंतर दोघांत एक घ्यायला लागलो आणि जुने एकत्र करून पूर्ण ओळ लावली. पुण्याच्या घरात पाहुणा आला की आम्ही त्याला ती ओळ दाखवायचो. दुसरं दाखवण्यासारखं फारसं नव्हतं. मग वेगळं व्हायचं ठरलं, तेव्हा भांडी, पंखे, गाद्या ह्यांची वाटणी चहा गार व्हायच्या आत झाली. अडलं ते ‘पणतीघर’पाशी. निम्मे निम्मे करायचे तर जुने कुणी घ्यायचे? तोडगा मीच काढला: एक सोडून एक. मुकुंद म्हणाला, “सम मला दे. विषम तुला शोभतात.” आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात रडायचं राहून गेलं.

वेगळे का झालात, असं लोक विचारत. मला कधी एका वाक्यात सांगता आलं नाही. डब्यातली शेवटची चकली आमच्याकडे कायम मऊ पडायची. मी ती त्याच्यासाठी ठेवायची, तो माझ्यासाठी. “तुला हवी का?” असं कुणी विचारायचं नाही, “मला हवी,” असं कुणी म्हणायचं नाही. शेवटी ती चिमण्यांना जायची. चकलीचं झालं तसं इतरही बऱ्याच गोष्टींचं होत गेलं. मग त्याची नागपूरला बदली झाली. तो “चल” म्हणेल म्हणून मी थांबले, मी “येते” म्हणेन म्हणून तो थांबला. ट्रक एका माणसाचं सामान घेऊन गेला.

सांगलीत आल्यावर मी माझी विषम वर्षं कपाटात लावली, ती मध्ये एकेका अंकाची जागा सोडून. असं लावलं की अंक कलंडतात आणि धूळही जास्त बसते. तरी तसंच लावत आले. ती सम वर्षं मला परत हवी होती. अंकच हवे आहेत की आणखी काही, असं विचारायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न निघाला नाही.

“आणि तुमची ‘हवं’ची बाजू कोरी का?” काका विचारत होते. “कोरी ठेवू नका. आमच्यात माणूस गेला की मी कार्डावरचं ‘हवं’ तेवढं खोडतो. ‘आहे’ तसंच ठेवतो.”

मी तिथेच बसून ती बाजू भरली. सुचेल ते लिहिलं. एक पर्यटन विशेषांक, एक विनोद विशेषांक, २००१ चा राशिभविष्य विशेषांक. ‘पणतीघर’चं एकही सम वर्ष लिहिलं नाही.

काकांनी यादी वाचली, माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं.

‘अंकबदल’ सुरू झाली. वर्तमानपत्रांत माझ्या नावासकट चार ओळींची बातमी आली आणि कुठून कुठून माणसं नावं नोंदवायला लागली. एका सकाळी मी नव्या नोंदी बघत होते. सभासद सत्तेचाळीस, नागपूर. आहे: ‘पणतीघर’ १९८२, १९८४, १९८६… मी हात की-बोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. २००४ पर्यंत सगळी होती. खाली राशिभविष्य विशेषांक, २००१. आणि ‘हवं’मध्ये एकच ओळ: पाककृती विशेषांक, १९९२.

आधी आला तो राग. आमची सम वर्षं ह्याने चारचौघांत मांडली! माझी विषम वर्षं तिथे आधीपासून मांडलेली होती, पण ती चाचणीसाठी होती. रागावलेला माणूस स्वतःच्या नोंदी नेहमी वेगळ्या पानावर करतो. राग ओसरल्यावर मी त्याची ‘हवं’ची बाजू पुन्हा वाचली. माझं एकही वर्ष त्यात नव्हतं. साधा चहा उतू घालवणाऱ्या माणसाला पाककृती हवी होती, पण ओळ पूर्ण करायला लागणारा एकही अंक नको होता. नियम माझाच होता. तक्रार कुणाकडे करणार?

कॉम्प्युटरने मात्र आपलं काम चोख केलं होतं. एककडे पाककृती आहे, सत्तेचाळीसला हवी आहे. सत्तेचाळीसकडे राशिभविष्य आहे, एकला हवं आहे. दोन्ही बाजूंनी बरोबर. साइटवरची ती पहिली जुळणी होती. काका पेढे घेऊन घरी आले.

“पहिलं स्थळ जमलं, बाई! आणि तेही तुमचंच!”

“पोस्टाने पाठवून देते,” मी म्हटलं.

“मीही त्यांना तेच सांगितलं फोनवर. तर नको म्हणाले. स्वतः येतात म्हणे. नागपूरहून, एका पाककृतीसाठी! काय एकेक माणसं असतात.”

“खवय्ये असतील,” मी म्हटलं आणि पेढा तोंडात घातला, म्हणजे पुढे बोलायला नको.

त्या रविवारी सकाळी मी निळी साडी नेसले. मग सोडली आणि रोजचा ड्रेस घातला. जुन्या पाककृतीच्या बदल्यात जुनं भविष्य घ्यायला कुणी साडी नेसून जात नाही. वाटेत मला एवढंच कळायला हवं होतं, की तो कशासाठी येतोय. त्याने एक शब्द काढला असता, तर पुढचे दहा मी काढले असते. असं मी स्कूटरवर ठरवलं.

मुकुंद काउंटरजवळच्या स्टुलावर बसला होता. बारीक झाला होता, कानांवरचे केस पांढरे. पायांशी जाड कॅनव्हासची भलीमोठी पिशवी, चेन लावलेली.

“ह्या क्रमांक एक,” काका म्हणाले, “आणि हे सत्तेचाळीस. आमच्याकडे नावं नंतर.”

“नमस्कार,” मुकुंद म्हणाला.

तो ओळख दाखवेल असं मला वाटलं. मी दाखवेन असं त्याला वाटलं असेल. काकांनी मध्ये भडंगाची बशी ठेवली, चहावाल्याला हाक मारली, आणि तेवढ्यात ती वेळ टळली. आता आम्ही अनोळखी झालो होतो आणि ते निभावणं भाग होतं.

“नमस्कार. प्रवास लांबचा झाला तुम्हाला.”

“रात्रीची गाडी होती. झोप लागली चांगली.”

गाडीत त्याला कधी झोप लागत नाही. खिडकीशी बसून स्टेशनांची नावं वाचत बसतो.

“एवढ्या एका अंकासाठी आलात?”

“इकडे कामही होतं.”

“रविवारी?”

“बाई,” काका मध्ये पडले, “उलटतपासणी नको. चहा तरी घेऊ द्या त्यांना.”

मी पाककृतीचा अंक त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो चाळला नाही. सरळ चकलीच्या पानावर उघडला. तेलाचा पंजा अजून स्वच्छ दिसत होता, पाचही बोटं. त्याचा हात त्यावर ठेवायला निघाला आणि वाटेत थांबला.

“शेऱ्यात लिहिलंय डागाचं,” मी म्हटलं. “ज्याचा हात आहे त्याने तो धुतला नव्हता.”

“घाई असेल बिचाऱ्याला. सोऱ्या एकानं दाबला की अंक दुसऱ्यानं धरायला नको का?”

“धरायला सांगितलं होतं. हात उमटवायला नाही.”

काका माझ्याकडे बघत होते, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

“स्वयंपाक करता तुम्ही?” मी घाईने विचारलं.

“करायला लागलोय. आता करावाच लागतो. चकली जमत नाही अजून.”

“मऊ पडते?”

“नाही. कडक होते. पण उरत नाही. शेवटची पण मीच खातो.”

चहा आला. मी तो गरमच प्यायले आणि जीभ पोळून घेतली.

त्याने राशिभविष्याचा अंक माझ्यापुढे केला. “भविष्य वाचता?”

“वाचत नाही, ताळा करते. काय सांगितलं होतं आणि हाती काय आलं. झालेल्या वर्षाचं भविष्य वाचण्यात धोका नसतो.”

“रास कुठली तुमची?” त्याने विचारलं. आमची पत्रिका जमवताना त्याच्या आईने माझी रास बघून तोंड वाकडं केलं होतं, ते त्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं.

“तूळ.”

“असणारच,” काका म्हणाले. “बाई सगळं तोलून घेतात.”

मुकुंद हसला. पहिल्यांदाच, आणि नेहमीचं हसला. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी खाली पाहिलं आणि माझी नजर पिशवीवर गेली. पिशवीच्या कडा चौकोनी दिसत होत्या. मी वर पाहिलं तर काकांची नजर माझ्या नजरेवर होती. मी पटकन पाटीकडे बघायला लागले.

“साहेब,” काका म्हणाले, “ओझं बरंच आणलंय तुम्ही. काढा की, बघू या.”

“काही नाही,” मुकुंद म्हणाला. “वाटेत वाचायला.”

“आणखी काही हवं असेल तर बोला,” मी त्याला म्हटलं. ह्याहून सोपं करून मला सांगता येत नव्हतं. “माझ्याकडे इतरही आहेत.”

त्याने पाटीकडे पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

“यादीत आहे तेवढंच,” तो म्हणाला. “तुम्हाला?”

“मलाही तेवढंच.”

काकांनी दोघांच्या सह्या घेतल्या. पहिली अदलाबदल म्हणून फोटो काढू या म्हणाले, पण रोल संपला होता. मी अंक उचलला, चप्पल पायांत सरकवली.

“येते,” मी काकांना म्हटलं, उठताना आपण म्हणतो तसं.

मुकुंदने एकदम मान वर केली. मग ती खाली घातली आणि भडंगातले शेंगदाणे वेचायला लागला. ते तो माझ्यासाठी ठेवत असे.

घरी येऊन मी २००१ चं भविष्य वाचलं. तुळेला लांबचा प्रवास आणि जुन्या व्यक्तीची भेट होती. सात वर्षं उशीर झाला होता, एवढंच. मग फोनजवळ बसून राहिले. त्या दिवशी लावला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळी आली आणि गेली. मी चकल्या केल्या नाहीत, विकत आणल्या.

दिवाळीनंतर काकांचा निरोप आला, लायब्ररीची नवी यादी कॉम्प्युटरवर चढवायची आहे. मी गेले. ह्या वर्षीचे अंक पुढे मांडले होते. मी मागच्या खोलीत शिरले आणि दारातच थांबले. समोरच्या फळीवर ‘पणतीघर’ होते. १९८२, १९८४, १९८६. प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर, कण्यावर नंबराची चिठ्ठी. मी एक काढून उघडला. पहिल्याच पानावर जांभळा शिक्का: शेटे सर्क्युलेटिंग लायब्ररी.

“हे कुणी दिले?” मी विचारलं. काका उठून आत आले.

“सत्तेचाळीसनी. तुम्ही गेलात त्याच दिवशी. म्हणाले, एवढं ओझं परत नेववत नाही, लायब्ररीला ठेवा.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं, बाई? तुमच्या यादीत कुठं होते ते?”

मी अंक मिटला. काका दाराला टेकले.

“तुम्ही यायच्या आधी बराच वेळ बसले होते ते. मला म्हणाले, क्रमांक एकला ‘पणतीघर’ची सम वर्षं हवी आहेत का, तेवढं बघून सांगा. मी कॉम्प्युटर बघितला. नाहीत म्हटलं. म्हणाले, परत एकदा बघा. परत बघितलं. मग मी त्यांना पाटी दाखवली.”

“मग?”

“वाचली. नियम चांगला आहे म्हणाले, कुणी केला? म्हटलं, बाईंनीच.”

बाहेर कुणीतरी नव्या अंकांची किंमत विचारत होतं. काका तिकडे गेले नाहीत.

“नंतर तुमची नजर पिशवीवर गेली, ती मी बघितली होती,” ते म्हणाले. “पोस्टकार्डं असती तर तिथल्या तिथं चेन उघडून गठ्ठा तुमच्या मांडीवर ठेवला असता. पण म्हटलं, आता बाईंचा हुकूम चालतो. माझं चुकलं का?”

“शिक्का मारायच्या आधी तरी विचारायचं.”

“दान आलं की शिक्का. शिक्का बसला की तो अंक विकायचा नाही, बदलायचा नाही. तो माझा नियम.” मग हळू आवाजात: “कोण होते ते?”

“नवरा,” मी म्हटलं. “होता.”

काका पुढे गेले, स्टुलावर चढले आणि पाटी काढायला लागले. त्यांचे पाय थरथरत होते, म्हणून मी जाऊन स्टूल धरलं.

“राहू द्या, काका.”

“नको,” ते म्हणाले. “धूळ बसलीय.”

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला. नंबर पाठ होता.

“मी बोलतेय.”

“हं,” मुकुंद म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली.

“तुझे अंक पाहिले. लायब्ररीत.”

“नीट ठेवलेत ना?”

“प्लास्टिकची कव्हरं घातलीयत.”

“मग बरं.”

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. चारच शब्दांचं होतं.

“चकली जमली का?” मी विचारलं.

“अगं, मोहन किती घालायचं ते वाचताच येत नाही. त्याच्यावर नेमका माझाच हात आहे.”

“चार वाट्या भाजणीला अर्धी वाटी. कडकडीत.”

“अर्धी. बरं.” तो लिहून घेत असावा. “आणखी काही?”

“नाही. तुला?”

“नाही.”

“मग ठेवते.”

“ठेव.”

त्याच आठवड्यात मी शेटे सर्क्युलेटिंग लायब्ररीची सभासद झाले. एका वेळी एक अंक, मुदत पुढच्या शनिवारपर्यंत. ‘अंकबदल’ चारेक वर्षं चालली. मग लोक फोनवरच्या ग्रुपवर गेले. तिथे कुणी कुणाला सगळंच दाखवतं, आणि ज्याला जे हवं ते अजूनही कुणी लिहीत नाही, असं मगदूम सर सांगतात. साइट बंद झाली ती दोन रकान्यांवरच. काका आता ऐंशीच्या पुढे गेलेत, पण शनिवारी काउंटरवर तेच असतात.

“हा तुम्ही कितव्यांदा नेताय?” परवा त्यांनी १९८८ हातात घेऊन विचारलं.

“वाचून झाला नाही अजून.”

“बाई, एक विचारू? हा तुमच्याकडे ‘आहे’ म्हणावं, तर शनिवारी परत आणता. ‘हवा’ म्हणावं, तर घेऊन निघालात. मग तुमच्या कॉम्प्युटरात हा लिहायचा कुठं?”

“किरकोळमध्ये,” मी म्हटलं. “तारीख टाका, काका.”

त्यांनी तारखेचा शिक्का टाकला, त्यावर फुंकर मारली आणि अंक माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर मी कपाट उघडते. १९८७ आणि १९८९ एकमेकांकडे कलंडलेले असतात. त्यांना सरळ करून मधल्या जागेत हा सरकवते. बरोबर बसतो. मग तिन्ही ताठ उभे राहतात, शनिवारपर्यंत.